पुण्यात बसून ध्रुवीय समुद्रातील बर्फाची नोंदवही कशी ठेवावी

पावसाळ्यात खडकवासला साखळीतील धरणांत किती टीएमसी पाणी साठले, हे पुणेकर सकाळी पाहतो आणि लगेच त्याची नजर ‘गेल्या वर्षी याच दिवशी’ या रकान्याकडे वळते. ध्रुवीय समुद्रातील बर्फाचे निरीक्षण करू इच्छिणाऱ्याला हीच सवय उपयोगी पडते. फरक इतकाच, की येथे तुलना गेल्या वर्षाशी न करता दीर्घकालीन सरासरीशी करावी लागते.

रोजचा आकडा अमेरिकेतील बोल्डर येथील ‘नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटर’ विनामूल्य उपलब्ध करून देते. उत्तर आणि दक्षिण ध्रुवांच्या फायली वेगवेगळ्या उतरवून घ्याव्यात व त्या वेगळ्याच ठेवाव्यात, कारण उत्तरेकडील बर्फ सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी असतो, तर दक्षिणेकडील फेब्रुवारीत. दोन्हींची बेरीज केल्यास एकाची घट दुसऱ्याच्या वाढीत झाकली जाते. नोंदी १९७८ च्या अखेरीपासून आहेत. मात्र १९८७ पर्यंत त्या एक दिवसाआड आहेत आणि डिसेंबर १९८७ ते जानेवारी १९८८ दरम्यान काही आठवड्यांचा खंड आहे. ती जागा अंदाजाने न भरता कोरीच सोडावी.

वहीत तारीख, त्या दिवसाचा विस्तार, मागील पाच दिवसांची सरासरी आणि त्याच तारखेची १९८१ ते २०१० ची सरासरी असे चार रकाने पुरतात. एका दिवसात वाऱ्याने बर्फ लोटला जाऊन आकडा हलतो, म्हणून निष्कर्ष पाच दिवसांच्या सरासरीवरूनच काढावा.

‘विस्तार’ म्हणजे काय, हे नीट समजल्याशिवाय पुढे जाऊ नये. उपग्रह समुद्राचे सुमारे २५ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडून पाहतो, आणि ज्या चौकोनात किमान १५ टक्के बर्फ आहे, तो संपूर्ण चौकोन विस्तारात धरला जातो. बर्फ आणि उघडे पाणी यांतून निघणाऱ्या सूक्ष्मतरंगांची तीव्रता वेगळी असल्याने ही मोजणी ढगांतून आणि ध्रुवावरील सहा महिन्यांच्या रात्रीतही चालू राहते.

हे पाणी गोठते कसे, हे स्वयंपाकघरात पाहता येते. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवावे. समुद्राचा खारेपणा साधारण इतकाच असतो. हे पाणी एका डब्यात आणि साधे पाणी दुसऱ्या डब्यात घालून दोन्ही फ्रीजरमध्ये ठेवावेत. काही तासांनी साधे पाणी कडक झालेले दिसेल, तर खारे पाणी कुल्फीच्या अर्धवट गोठलेल्या दुधासारखे लिबलिबीत राहील, कारण ते उणे १.८ अंशांच्या आसपास गोठू लागते. वरचा बर्फ काढून थंड पाण्याने झटपट धुवावा व चाखावा: तो उरलेल्या पाण्यापेक्षा कमी खारट लागतो. गोठताना बर्फ मीठ बाहेर टाकतो; ध्रुवाजवळ हेच थंड, जड खारे पाणी तळाकडे जाऊन खोल समुद्रातील प्रवाहांना गती देते.

आता त्याच बर्फावर चमचाभर पाणी ओतावे. उन्हाळ्यात आर्क्टिकमधील बर्फावर अशीच वितळलेली डबकी साचतात आणि उपग्रह त्यांना उघडा समुद्र समजतो. याचा फटका क्षेत्रफळाच्या, म्हणजे प्रत्येक चौकोनातील फक्त बर्फाचा वाटा धरून काढलेल्या आकड्याला अधिक बसतो, विस्ताराला कमी. म्हणूनच वहीत विस्तार लिहावा, असे माझे मत आहे.

आलेख काढताना तीन खुणा आधीच करून ठेवाव्यात. आर्क्टिकचा आजवरचा नीचांक सप्टेंबर २०१२ मधील, सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर. अंटार्क्टिकाचा उच्चांक सप्टेंबर २०१४ मधील, २ कोटींच्या किंचित वर. आणि तेथीलच फेब्रुवारी २०२३ मधील नीचांक, सुमारे १८ लाख. दक्षिणेची रेषा अशी चढून कोसळलेली असल्यामुळे तिच्यावर सरळ पट्टी ठेवून कल काढण्याची घाई करू नये.