नास जळाला? डिस्क नव्या डब्यात हलवताना या चुका टाळा

मिरग लागला की आमच्या दारव्ह्याच्या दुकानात जळालेले नास, म्हणजे नेटवर्कला जोडून फोटो-फायली साठवायचे डिस्कचे डबे, यायला लागतात. नावातच नास, म्हणून मी हसतो. गिऱ्हाईक हसत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डिस्क उपटून विंडोजला लावणं. मागच्या पावसाळ्यात एका खेड्यात डीपीवरचा न्यूट्रल तुटला आणि 230 व्होल्टच्या जागी 400 च्या आसपास घरात घुसले. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका भाऊंचा फ्रीज, टीव्ही आणि नास सोबतच गेला. त्यांच्या भाच्याने दोन्ही डिस्क कॉम्प्युटरला लावल्या. नासची मांडणी विंडोजला वाचता येत नाही, त्यामुळे त्या दिसेनात, म्हणून डिस्क मॅनेजमेंट उघडून बिनअक्षराची पार्टिशनं (डिस्कवरचे कप्पे) उडवली आणि क्विक फॉरमॅट मारला. एकीवर नाही, दोन्हींवर! मग फोन आला, "भाऊ, डिस्क खाली दाखवून रायली, आता कसं करू जी?"

दोन वर्षांची लगनं होती त्यात. नशीब असं की फॉरमॅटची घाण डिस्कच्या सुरुवातीच्या, नासच्या सिस्टीमच्या भागातच पडली. फोटोंचा भाग त्याच्या मागून सुरू होतो. लिनक्सवर जुना पार्टिशन तक्ता परत उभा करायला मला चार रात्री लागल्या. भाच्याला लागली होती पाच मिनिटं.

अरे, सायनॉलॉजीसारख्या कंपनीच्या नासची सिस्टीम डिस्कवरच असते. डबा मेला तरी त्याच कंपनीच्या चालणाऱ्या मॉडेलमध्ये डिस्क टाकल्या की तो बहुतेकदा 'मायग्रेट' (जुना डेटा ठेवून हलवू का) विचारतो. तिथे स्क्रीन वाचा. नेक्स्ट-नेक्स्ट करणाऱ्यांना मी दुकानात माउसला हात लावू देत नाही.

दुसरी चूक अडॅप्टरची. कित्येकदा जळालेला असतो फक्त तोच, आणि लोक नवा डबा घेऊन मोकळे होतात. आधी मीटर लावा. दोन डिस्कच्या बहुतेक डब्यांना 12 व्होल्ट लागतात. एकाने पिन बसली म्हणून लॅपटॉपचा 19 व्होल्टचा चार्जर खुपसला. विजेने सोडलेल्या डिस्क त्याने मारल्या. वर म्हणतो, तशाच दुसऱ्या डिस्कचं सर्किट बसवून द्या. तसं चालत नाही बाप्पा. आजकालच्या बहुतेक डिस्कची स्वतःची जुळणीची माहिती त्या बोर्डावरच्या चिपमध्ये असते.

डिस्क काढण्याआधी मार्करने 1, 2 लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. दुसऱ्या कंपनीचा डबा 'इनिशियलाइज' (डिस्क पुसून नव्याने सुरू करू का) म्हणाला तर बंद करा. जुना व्हॉल्यूम बीटीआरएफएसचा (डिस्कवर फायली मांडायची एक पद्धत) असेल तर स्वस्तातलं मॉडेल घेण्याआधी त्यात बीटीआरएफएस चालतं का बघा.

माझी सवय: नव्या डब्यात आधी भंगारातली 500 जीबीची डिस्क टाकून रात्रभर चालवतो. सकाळी डबा जिवंत असेल तरच गिऱ्हाइकाच्या डिस्क आत जातात, आणि तोवर लॅनची वायर राउटरपासून काढलेलीच असते. झटका तिथूनही येतो.