शर्यतीच्या ट्रॅकवर मार्शल म्हणून उभे राहताना या चुका टाळा

मोटारशर्यतीत ट्रॅकच्या कडेला उभे राहून झेंडे दाखवणाऱ्या आणि अपघातात मदत करणाऱ्या व्यक्तीला मार्शल म्हणतात. मार्शल म्हणून स्वयंसेवा करू इच्छिणाऱ्या नवख्या व्यक्तीत धैर्याची उणीव क्वचितच असते. तिला नडते ती घाई. डोळ्यांसमोर गाडी भिंतीवर आदळली, की अग्निशामक उचलून तिकडे धावावे असे कुणालाही वाटते. मात्र त्या क्षणी खरा धोका असतो तो मागून येणाऱ्या, अजून नजरेतही न आलेल्या गाडीचा. ५ मार्च १९७७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे असेच घडले. ट्रॅकच्या पलीकडे थांबलेल्या एका गाडीने किरकोळ पेट घेतला आणि दोन मार्शल ट्रॅक ओलांडून धावत सुटले. पुढच्या चढामुळे मागून येणाऱ्या चालकांना ते दिसणे शक्यच नव्हते. शर्यतीतील एक चालक टॉम प्राइस यांच्या गाडीची धडक बसून एकोणीस वर्षांचा एक मार्शल जागीच ठार झाला आणि त्याच्या हातातील अवजड अग्निशामक डोक्यावर आदळल्याने प्राइस यांचाही मृत्यू झाला. ज्या गाडीसाठी ही धावाधाव झाली, तिचा चालक सुखरूप होता.

म्हणून पोस्टच्या, म्हणजे ट्रॅकलगतच्या आपल्या ठाण्याच्या, प्रमुखाचा स्पष्ट इशारा मिळेपर्यंत ट्रॅकवर पाऊल टाकू नये. इशारा मिळाल्यानंतरही येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करू नये आणि धोक्याची सूचना देण्यासाठी एक सहकारी केवळ त्या दिशेने पाहत उभा आहे, याची खात्री करून घ्यावी. ‘दोन पिवळे झेंडे फडकत आहेत, म्हणजे आपण सुरक्षित आहोत’ ही समजूत घातक आहे. या झेंड्यांचा अर्थ चालकाने वेग बराच कमी करावा, पुढच्या गाडीला मागे टाकू नये आणि वेळ पडल्यास थांबण्याची तयारी ठेवावी, असा होतो. पण ओल्या ट्रॅकवर चाके घसरली, तर झेंडा गाडीला अडवू शकत नाही. २०१४ साली सुझुका येथे असे दोन पिवळे झेंडे दाखवले जात असतानाच चालक ज्यूल्स बियांकी यांची गाडी घसरून, दुसरी गाडी उचलणाऱ्या यंत्रावर आदळली. तेथे मार्शल काम करत होते. या यंत्रांपासूनही अंतर राखावे, कारण त्यांच्या चालकाला जवळचा माणूस दिसतोच असे नाही. २०१३ साली माँट्रियल येथे, शर्यत संपल्यानंतर बंद पडलेली गाडी हलवण्याचे काम चालू असताना, पडलेला वॉकी-टॉकी उचलायला गेलेला एक मार्शल अडखळला आणि अशाच यंत्राखाली सापडून मरण पावला.

झेंडे सांभाळणारे मार्शल सहसा जोडीने उभे असतात. मागून वेगवान गाडी येत असल्याचे चालकाला सांगणारा निळा झेंडा हाती असलेला येणाऱ्या गाड्यांकडे पाहतो, तर पिवळा झेंडा हाती असलेला पुढे आपल्या हद्दीकडे पाहतो आणि त्याच्या पाठीची राखण पहिला करतो. यांपैकी एकाने जरी रंगात आलेल्या चुरशीकडे मान वळवली, तरी ही व्यवस्था मोडते. ज्याला शर्यत पाहायची आहे, त्याने तिकीट काढून प्रेक्षकांत बसावे, हेच बरे. अडथळा दूर झाल्यानंतरही पिवळा झेंडा दाखवत राहणे ही आणखी एक नेहमीची चूक आहे. त्यामुळे चालकांचा त्या पोस्टवरचा विश्वास उडतो. शर्यत थांबवणारा लाल झेंडा स्वतःच्या निर्णयाने कधीही दाखवू नये; तो अधिकार क्लार्क ऑफ द कोर्सचा, म्हणजे शर्यतीचे संचालन करणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो. पावसात झेंडा दांड्याला गुंडाळला जात असेल, तर तो इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवावा आणि स्थिर धरताना त्याचे मोकळे टोक बोटांत पकडावे. लाल किंवा पिवळे कपडे घालून येऊ नये, कारण वेगात जाणाऱ्या चालकाला तो झेंडा वाटू शकतो. नायलॉन आगीत वितळून त्वचेला चिकटते. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे बरे.

वॉकी-टॉकीवरील सर्वांत मोठा घोटाळा डाव्या-उजव्याचा असतो. येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभ्या असलेल्या मार्शलची डावी बाजू ही चालकाची उजवी बाजू असते. त्यामुळे बाजू नेहमी चालकाच्या प्रवासाच्या दिशेने सांगावी. बटण दाबताक्षणी बोलायला सुरुवात केली, तर पहिला शब्द, म्हणजे नेमका पोस्टचा क्रमांक, कापला जातो. क्षणभर थांबून मग बोलावे. ‘पोस्ट सात. गाडी चोवीस, चालकाच्या डावीकडे थांबली आहे, चालक बाहेर आला आहे,’ एवढे पुरते. ‘अरे बापरे, फार जोरात आदळली,’ या वाक्यातून रेस कंट्रोलला, म्हणजे शर्यतीच्या नियंत्रण कक्षाला, काहीही कळत नाही आणि तेवढा वेळ इतर सर्व पोस्टचे बोलणे अडते. वॉकी-टॉकी बंद पडल्यास शेजारच्या पोस्टला हाताने कोणत्या खुणा करायच्या, हे सकाळीच ठरवून ठेवावे.

गाडीजवळ पोहोचल्यावर आधी पाहावे, मग हात लावावा. हायब्रिड, म्हणजे इंजिनासोबत विजेचीही शक्ती वापरणाऱ्या, फॉर्म्युला वन गाडीवरील दिवा हिरवा असेल, तर विद्युत यंत्रणा सुरक्षित समजली जाते. तो लाल असेल किंवा पेटलेलाच नसेल, तर गाडीला स्पर्श करू नये आणि प्रशिक्षित पथकाची वाट पाहावी. पांढऱ्या वर्तुळातील लाल ‘ई’ हे अक्षर अग्निशमन यंत्रणेचे, तर निळ्या त्रिकोणातील लाल ठिणगी वीजपुरवठा तोडण्याच्या बटणाची खूण असते. आग विझवताना वारा पाठीशी ठेवावा आणि फवारा ज्वाळांच्या शेंड्यावर न मारता बुडाशी मारावा. मिथेनॉलवर चालणाऱ्या गाडीची आग दिवसा जवळजवळ दिसतच नाही, याचे भान ठेवावे. आग नसेल, तर जखमी चालकाला ओढून बाहेर काढू नये आणि त्याचे हेल्मेटही काढू नये; मानेला इजा असल्यास ती यामुळे बळावते. ते काम वैद्यकीय पथकाचे आहे.

शेवटी अहवाल. ‘चालकाने पिवळ्या झेंड्याकडे मुद्दाम दुर्लक्ष केले,’ असे लिहिणारा मार्शल चालकाच्या मनातले लिहीत असतो. पंचांना हवे असते ते गाडीचा क्रमांक, वेळ, झेंडा त्या वेळी फडकत होता की नाही आणि गाडीने प्रत्यक्षात काय केले, एवढेच. हे त्याच वेळी कागदावर टिपावे, कारण संध्याकाळपर्यंत दोन पांढऱ्या गाड्यांचे क्रमांक हमखास एकमेकांत मिसळतात.