इसार देण्याआधी: लातुरात भाड्याने द्यायला जुनं घर विकत घेताना

घर बघायला जाताना इसाराची रक्कम खिशात नेऊ नका. पैसे जवळ असले की दलाल बोलत राहतो आणि आपण मान डोलावतो. शिकायला येणाऱ्या पोरांना खोल्या द्यायच्या म्हणून मी पहिलं घर घेतलं ते असंच. दुरुस्तीचा हिशेब खरेदीखतानंतर मांडला, तेव्हा भाव पाडून मागायची वेळ निघून गेली होती.

पहिली फेरी दलालासोबत, दुसरी आपला गवंडी आणि प्लंबर घेऊन. दोघांना दिवसाची मजुरी द्या. फुकट आलेला गवंडी काम मिळावं म्हणून आकडा कमीच सांगतो. घर दगड-मातीचं, माळवदाचं (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत) असेल तर मात्र गवंड्यावर भागवू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात भूकंपात माणसं गेली ती बहुतांशी अशाच जाड भिंतींखाली. माझ्या मते अशा घराला दुरुस्ती धरूच नये. पाडून बांधायचा खर्च धरावा आणि भाव फक्त जागेचा लावावा.

विटांच्या घरात भेगा बघा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. गिलाव्यातली केसाएवढी भेग पुट्टीने बुजते. तीच भेग बाहेरच्या बाजूलाही त्याच जागी दिसली तर पायाचा खर्च आला. सगळं घर जुनं आणि एकच भिंत ताजी रंगवलेली असेल तर तिथे नखाने खरवडून बघायला लाजू नका.

मग न्हाणीखालचं छत. माझ्या घरात तिथे ताटलीएवढा ओलीचा डाग होता. "रंग मारला की जाईल," मालक म्हणाले. फरशी फोडली तर लोखंडी पाइप बोअरच्या क्षाराने असा भरलेला, की आत करंगळी जाईना. दोन्ही मजल्यांच्या न्हाण्या उकराव्या लागल्या. छताचे पोपडे निघालेत, सळईचा तांबूस रंग दिसतोय, तिथे हातोडीने हलकेच ठोका. पोकळ आवाज आला की स्लॅबचं काम यादीत लिहा.

पाण्याचा खर्च आपल्याकडे वेगळा मांडावाच लागतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेलं हे शहर आहे. नळ किती दिवसांनी येतो आणि बोअर मे महिन्यात चालतो का, हे मालकाला नाही, शेजाऱ्यांना विचारा. बारा पोरं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज १,६२० लिटर. १० बाय ६ बाय ६ फुटांचा हौद साधारण १०,००० लिटरचा, म्हणजे सहा दिवसांचा. नळ त्याहून उशिरा येत असेल तर एकतर हौद मोठा करा, नाहीतर दरमहा टँकर धरा.

वायरिंगला अर्थिंग आहे का आणि मंजूर भार किती, हे वायरमनकडून बघून घ्या. घरपट्टी, नळपट्टी, वीजबिल यांची बाकी निघाली तर ती किमतीतून वजा करा. प्लॉट गुंठेवारीतला (परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेला) असेल तर नियमितीकरणाचं शुल्क कोण भरणार, ते इसारपावतीतच लिहून घ्या.

आता बेरीज. समजा दुरुस्ती ४ लाखांची निघाली. जुन्या घरात काहीतरी उघडं पडतंच, म्हणून वर १५ टक्के, ६०,०००. तीन महिने घर रिकामं, १८,००० भाड्याच्या हिशेबाने ५४,०००. झाले ५,१४,०००. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,०००, आणि मुद्रांक शुल्क वेगळं. घर बाईमाणसाच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. कर्ज काढणार असाल तर दुरुस्तीची रक्कम त्यात बसते का, हे बँकेला आधीच विचारा.

तीन महिने कुठले, हेही बघा. पोरं खोल्या शोधायला येतात ती दहावीच्या निकालानंतर. जूनमध्ये तुमच्या दारात वाळूचा ढीग असला तर ती पुढच्या गल्लीत जातात आणि वर्षभर तिथेच राहतात. त्यामुळे सौदा मार्चमध्ये होत असेल तर मी रिकामे महिने तीन नाही, सहा धरतो आणि तेवढी रक्कम कमी करूनच मालकाला आकडा सांगतो.