मांडीतली गाठ, पायाची नस आणि ऑपरेशन: घरच्यांनी काय बघायचं

मामाच्या मांडीत गाठ निघाली तेव्हा त्याने पहिलं विचारलं, "पाय कापतले काय रे?" नाही कापला. मामाचा होता सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या भागात होणारा कॅन्सर, आणि त्यात आता बहुतेक वेळा पाय ठेवूनच गाठ काढतात, गाठीने पायाची मोठी धमनी (रक्त खाली पायात नेणारी नस) वेढली असली तरी तेवढा तुकडा गाठीसोबत काढून मधे दुसरी नळी शिवता येते. मी काय डॉक्टर नाही, पण कुडाळ-मुंबई फेऱ्या मारून जे कळलं ते लिहितोय.

पहिली गोष्ट, घाईने गाठ कापून घेऊ नका. आमची तिथेच चूक झाली. "चरबीची असेल" म्हणून एका ठिकाणी वरवर काढली, मग पुढच्या सर्जनला ती जुनी जखमसुद्धा अख्खी काढावी लागली. गाठ खोल असेल, वाढत असेल किंवा 5 सेंटीमीटरच्या वर म्हणजे मोठ्या लिंबापेक्षा मोठी असेल तर आधी एमआरआय, मग सुईची बायॉप्सी, आणि तीही जिथे ऑपरेशन होणार तिथेच, कारण सुई गेली ती वाटपण ते गाठीबरोबर काढायचं बघतात.

ऑपरेशनआधी सरळ विचारा: धमनी एकटीच अडकलीय की शीरसुद्धा (रक्त परत वर नेणारी नस), व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांचा सर्जन त्या दिवशी असणार का, आणि नळी कुठली लावणार. शक्यतो पेशंटचीच शीर घेतात, ती पण चांगल्या पायातली, कारण आजारी पायातली खोल शीर काढावी लागली तर रक्त वर जायला तिथली कातडीजवळची शीर लागते. आणि ती उलटी करून शिवतात! मला कळेना का, मग आपली खारबंदिस्तीची उघाडी आठवली, म्हणजे खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधाचं दार, ओहोटीला उघडते आणि भरतीला बंद. शिरेतल्या झडपा तशाच एका दिशेच्या, सुलट लावली तर रक्त खाली उतरणारच नाही. शीर बारीक असली तर पीटीएफई नावाच्या प्लास्टिकची कृत्रिम नळी घालतात, पण तिला इन्फेक्शन झालं की भारी पडतं.

ऑपरेशननंतर सिस्टरने मामाच्या पावलावर नाडी सापडली तिथे पेनाने फुली मारली आणि थोड्या थोड्या वेळाने येऊन डॉप्लर (रक्त वाहतंय का ते आवाजाने कळवणारं यंत्र) लावायची, सूंऽ सूंऽ आवाज आला की आम्ही श्वास सोडायचो.

परत येताना कॅन्सर पेशंटचा रेल्वे सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलमधून सही-शिक्क्यासकट घ्या, स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटचं भाडं माफ, सोबतच्याला 75 टक्के सूट. तुतारी एक्सप्रेस दादरहूनच सुटते त्यामुळे जागेवर बसवायला वेळ मिळतो. लोअर बर्थच मागा.

घरी आल्यावर सगळ्यात अवघड काम म्हणजे बघायला येणारे. कोणीतरी खोबरेल तेल घेऊन पाय चोळायला बसतंच, त्यांना हात लावू देऊ नका. शीर काढली असेल तर पाय सुजतो, झोपताना उशीवर ठेवायचा, पण घट्ट मोजा किंवा पट्टी सर्जनला विचारल्याशिवाय नाही, नळीवर दाब येऊ शकतो. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करायची नाही, आणि त्यात दुखतंय म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून द्यायची नाही, रक्तस्राव होऊ शकतो. गोळी वॉरफरिन असेल तर पालेभाजी रोज साधारण तेवढीच, पावसात टाकळा आला म्हणून चार दिवस तोच असं नको. तंबाखू बंद म्हणजे बंद, मिश्री धरून. सार्कोमा फुप्फुसात जाऊ शकतो म्हणून पाय बरा दिसला तरी छातीच्या स्कॅनच्या तारखा चुकवू नका.

आणि रोज दोनदा दोन्ही पावलांवर हाताची पाठ ठेवून बघा. एक पाऊल अचानक गार, पांढरं किंवा निळसर, बोटं बधीर, नाहीतर कळा थांबत नाहीत, तर सकाळची वाट बघायची नाही, रक्त बंद पडलं तर काही तासांत स्नायू मरायला लागतात. अशा वेळी गोवा की कोल्हापूर, कुठे व्हॅस्क्युलर सर्जन मिळेल, ते डिस्चार्जच्या दिवशीच विचारून ठेवा. आमच्या फ्रीजवर तो नंबर आणि खाली वाडीतल्या गाडीवाल्याचा नंबर चिकटवलाय, तो रात्री फोन उचलतो हे आधी करून बघितलंय.