स्फटिकाच्या पृष्ठावर राहणारी वाढीची नोंद

पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचा, म्हणजे प्रयोगशाळेत सर्वजण ज्याला केडीपी म्हणतात त्याचा, माझा पहिला स्फटिक तीन दिवसांत अंगठ्याएवढा झाला होता. परंतु उजेडात धरल्यावर त्याच्या आत दुधाळ पट्टे दिसले. ते वाढीच्या वेळी आत अडकलेल्या द्रावणाचे सूक्ष्म कप्पे होते. द्रावण घाईने थंड केल्यामुळे अतिसंपृक्तता, म्हणजे त्या तापमानाला द्रावणात राहू शकते त्याहून जास्त असलेले द्राव्य, एकदम वाढली होती. तेव्हापासून मी आकारमान मोजण्याआधी पृष्ठ पाहण्याची सवय लावून घेतली.

नव्याने येणाऱ्यांनी सर्वप्रथम अतिसंपृक्तता नीट समजून घ्यावी. ती कमी असते तेव्हा सपाट पृष्ठावर नवा थर सुरू होणे अवघड असते, तरीही स्फटिक वाढतो. याचे स्पष्टीकरण भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक यांनी १९४९ मध्ये दिले: स्क्रू डिसलोकेशन, म्हणजे स्फटिकातील थर एका रेषेभोवती मळसूत्रासारखे सरकल्याने झालेला दोष, पृष्ठाला जेथे येऊन मिळते तेथे कधीही न संपणारी पायरी असते, आणि तिच्या कडेला कण चिकटत गेले की ती वळत वळत सर्पिल टेकडी रचते. अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपखाली, म्हणजे बारीक सुईने पृष्ठाचा उंचसखलपणा टिपणाऱ्या यंत्राखाली, अशी टेकडी प्रथम पाहिली तो दिवस मला अजून आठवतो. जे केवळ समीकरणांतून शिकलो होतो ते तेथे पायरीपायरीने उभे होते. अतिसंपृक्तता वाढली की सपाट भागावरही नव्या थरांची बेटे उगवतात, पायऱ्या एकमेकींना गाठून जाड होतात आणि त्यांच्याखाली द्रावण अडकते. ती आणखी वाढली तर फलकाच्या, म्हणजे स्फटिकाच्या सपाट बाजूच्या, मध्यापेक्षा कोपऱ्यांना द्राव्य अधिक मिळते, त्यामुळे कोपरे पुढे जातात व फलक मधोमध खोलगट राहतो.

अशुद्धींचा परिणाम याहून फसवा असतो. माझे काही स्फटिक टोकाकडे निमुळते होत गेले, तेव्हा मी बराच काळ तापमानालाच दोष देत राहिलो. प्रत्यक्षात लोह किंवा क्रोमियमचे त्रिसंयुजी (तीन धनप्रभारांचे) आयन अत्यल्प असले तरी केडीपीच्या बाजूच्या फलकांवर चिकटून पायऱ्या अडवतात, आणि पायरी अडली की तो फलक वाढतच नाही. मिठाच्या द्रावणात युरिया पुरेसा असेल तर घनाकृती स्फटिकांऐवजी अष्टफलकी स्फटिक मिळतात, हेही याच तत्त्वाचे उदाहरण आहे.

पद्धत पदार्थ पाहून निवडावी. मिठाची विद्राव्यता ० ते १०० अंश सेल्सिअसदरम्यान १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅमवरून ३९ ग्रॅमपर्यंतच जाते, म्हणून तेथे थंड करण्याऐवजी संथ बाष्पीभवन करावे. केडीपी किंवा तुरटीसाठी मात्र संथ शीतकरण योग्य ठरते. द्रावण गाळून संपृक्ततेच्या तापमानापेक्षा काही अंश वर ठेवावे, म्हणजे न दिसणारी केंद्रके, म्हणजे स्फटिकांचे अतिसूक्ष्म आरंभकण, विरघळतात. बीज, म्हणजे ज्यावर वाढ करायची तो छोटा स्फटिक, सोडताना तापमान संपृक्ततेच्या किंचित वर असावे, जेणेकरून बीजाचा ओरखडलेला थर निघून जाईल, आणि त्यानंतरच शीतकरण सुरू करावे. स्फटिक बाहेर काढताच त्यावरचा द्रावणाचा पापुद्रा गाळणकागदाने टिपून घ्यावा. तो तसाच वाळला तर त्यातून उमटलेले बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली वाढीच्या खुणा म्हणून मोजले जातात.