उपचार संपल्यानंतरची पाच वर्षे : कॅन्सरमधून बरे झालेल्यांना साथ कशी द्यावी

कोल्हापुरात एखाद्याला कॅन्सर झाल्याचे कळले की माणसे धावून येतात. तालीम मंडळ वर्गणी काढते, दूध संस्था उचल देते, भावकीतली माणसे आळीपाळीने दवाखान्यात डबा पोहोचवतात. पुढे शेवटची किमो होते, डॉक्टर ‘आता तीन महिन्यांनी दाखवायला या’ असे सांगतात आणि माणूस बरा झाला असे समजून सगळे आपापल्या कामाला लागतात. खरे तर इथून पुढेच त्याला एकट्याने बरेच काही निस्तरावे लागते. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात कॅन्सरचे 14 लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले, आणि मागील पाच वर्षांत निदान होऊन हयात असलेल्यांची संख्या 32 लाखांहून अधिक होती. श्रीमंत देशांत अशा माणसांसाठी उपचारोत्तर सेवेची वेगळी व्यवस्था बऱ्याच ठिकाणी असते. आपल्याकडे ती जबाबदारी बहुतेक वेळा घरावर आणि गल्लीवर येऊन पडते. ती अंगावर घेणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सोबती म्हणून एक माणूस नेमावा. ‘आम्ही सगळे आहोत’ या वाक्यात कुणीच नसते, हे अनुभवाने सांगतो. वाचता येणारा, दवाखान्यात प्रश्न विचारायला न लाजणारा आणि गावातच राहणारा असा एक जण पुरे. कॉलेजला जाणारी पुतणी हे काम पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलापेक्षा चांगले करते. त्याने किंवा तिने पाच वर्षांची जबाबदारी घ्यावी आणि तिची सुरुवात फाईलपासून करावी.

फाईल म्हणजे बिलांचा गठ्ठा नव्हे. तिच्यात गाठीच्या तपासणीचा अहवाल, शस्त्रक्रियेची नोंद, किमोच्या औषधांची नावे आणि किती वेळा दिली याचा तपशील, रेडिएशन (गावाकडे ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात) शरीराच्या कोणत्या भागाला आणि एकूण किती मात्रेत दिले याची नोंद, आणि डिस्चार्ज कार्ड एवढे असलेच पाहिजे. उपचार संपतानाच ही माहिती एका कागदावर लिहून द्यावी अशी विनंती डॉक्टरांना करावी, कारण नंतर ती मिळवणे फार कठीण जाते. माझ्या चुलत्यांच्या बाबतीत चार वर्षांनी जुने कागद मागायला गेलो, तेव्हा त्या दवाखान्यात नोंदच सापडली नाही आणि आमच्या पिशवीत औषधांच्या पावत्यांशिवाय काही नव्हते. हे कागद कशासाठी लागतात, तेही समजून घ्यावे. डॉक्सोरुबिसिनसारखे किमोचे औषध दिले असेल तर काही वर्षांनी हृदयाच्या स्नायूवर परिणाम दिसू शकतो. अशा वेळी धाप लागल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला कोणते औषध मिळाले होते, हे नव्या डॉक्टरला कळलेच पाहिजे. जबड्याला रेडिएशन झाले असेल तर दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला ते सांगणे अत्यावश्यक आहे, कारण त्या हाडाची जखम सहज भरून येत नाही आणि हाड कुजण्याचा धोका असतो. प्रत्येक कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवून तो घरातल्या दुसऱ्या एकाला पाठवून ठेवावा.

यानंतर येते तपासणीचे वेळापत्रक. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर उलटण्याची शक्यता पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असते, म्हणून पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी आणि पुढे अधिक अंतराने बोलावतात. मानेला रेडिएशन झालेल्यांची थायरॉईडची रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करावी लागते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये वर्षातून एकदा मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि ठरलेल्या अंतराने डॉक्टरांची तपासणी पुरते. काहीही त्रास नसताना ‘एकदा सगळ्या अंगाचा स्कॅन करून टाकू’ म्हणून कर्ज काढणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय असा स्कॅन करू नये. तो पैसा एसटीच्या तिकिटाला आणि सकस आहाराला लावावा. मात्र नवी गाठ, न भरणारे व्रण, सतत वाढणारी वेदना, विनाकारण घटणारे वजन, आवाजातला बदल किंवा रक्तस्राव दिसल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

तारीख चुकण्याचे कारण बहुधा निष्काळजीपणा नसून प्रवास आणि बुडणारा रोजगार हे असते. चंदगड किंवा गगनबावड्याहून शहरात यायचे म्हणजे दोघांचा दिवस जातो. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जायचे म्हणजे किमान दोन रात्री जातात. रेल्वेची सवलत इथे उपयोगी पडते. उपचारासाठी किंवा ठरावीक तपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसी डब्यात भाडे माफ असते आणि सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाने विहित नमुन्यात दिलेला दाखला तिकीटखिडकीवर दाखवावा लागतो. हा दाखला मागच्या भेटीतच मागून घ्यावा, निघायच्या आदल्या दिवशी धावपळ करू नये. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रीच्या प्रवासाने सकाळी दादरला पोहोचवते, त्यामुळे मुक्कामाचा एक खर्च वाचतो. एसटीतही कॅन्सर रुग्णांना सवलत आहे. शिवाय महिलांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहेच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील, तर त्यानंतरच्या तपासण्या आणि औषधे योजनेत बसतात का, हे रुग्णालयात योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राला प्रत्येक वेळी विचारावे. न विचारता काउंटरवर पैसे भरून मोकळे होणारे बरेच असतात.

आता शरीराचे. आपल्या भागात तंबाखू-चुना आणि बायकांमधली मिश्री यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे प्रमाण मोठे आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. शस्त्रक्रिया आणि रेडिएशननंतर जबडा आखडत जातो. निरोगी माणसाच्या तोंडात साधारण तीन बोटे उभी बसतात. दोनच बसू लागली की फिजिओथेरपिस्टकडे जायला उशीर करू नये. आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांमध्ये धरायची आणि काही दिवसांनी एकेक काडी वाढवत न्यायची, हा व्यायाम अगदी स्वस्त आहे. मात्र कधी सुरू करायचा आणि किती वेळ करायचा, ते शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. माणूस कंटाळून तो सोडतो, त्यामुळे रोज दोन-तीन वेळा आठवण करणे हे सोबत्याचे काम आहे. लाळ कमी झाल्याने भाकरी गिळत नाही आणि तांबडा रस्सा जिभेला लागताच आग होते. अशा वेळी आमटीत कुस्करून मऊ केलेली भाकरी, अंडे, दही, मऊ भात, दुधातली खीर असे द्यावे आणि जेवणाच्या पंगतीत त्याला एकट्याला कोपऱ्यात बसवू नये. बेचव जेवणापेक्षा ते कोपऱ्यात बसणे अधिक लागते.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या बाईचा हात सुजू शकतो. हात जखडून ठेवणे चुकीचे आहे. शिकवलेले व्यायाम हळूहळू वाढवत न्यावेत, पण भांगलणीत ओरखडे आणि चुलीचे चटके टाळावेत, आणि हात लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. स्तनाचा कॅन्सर उलटू नये म्हणून काहींना दिलेली टॅमोक्सिफेनची गोळी पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ घ्यायची असते. बरे वाटते म्हणून ती मध्येच सोडणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. काही किमोनंतर तळपायाला बधिरपणा राहतो, अशांनी अनवाणी रानात जाऊ नये आणि अंघोळीचे पाणी दुसऱ्याकडून पाहून घ्यावे.

पैशाच्या बाजूने दोन अर्ज लक्षात ठेवावेत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कॅन्सरग्रस्त निराधारांचा समावेश आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांपर्यंत असावे लागते आणि अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा असतो. ही मर्यादा इतकी तोकडी आहे की खरे गरजूही तिच्याबाहेर राहतात, तरी चौकशी जरूर करावी. दुसरा अर्ज दिव्यांग प्रमाणपत्राचा. कॅन्सर हे स्वतः दिव्यांगत्व मानले जात नाही, परंतु 2016 च्या कायद्याप्रमाणे स्वरयंत्र काढल्याने आलेले वाचेचे कायमचे दिव्यांगत्व आणि पाय किंवा हात कापावा लागल्याने आलेले दिव्यांगत्व त्यात येते. दिव्यांगत्वाच्या तपासणीबाबत सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) चौकशी करावी. कामावर परतताना मालकाशी किंवा मुकादमाशी आधी सोबत्यानेच बोलावे. फाऊंड्रीतल्या भट्टीपाशी पूर्वीसारखी पाळी लगेच झेपणार नाही, पण दुकानाच्या गल्ल्यावर किंवा दूध संकलनावर अर्धा दिवस बसता येते, हे समोरच्याला सांगितल्याशिवाय सुचत नाही.

घरात अजूनही कुणी ताटवाटी वेगळी ठेवत असेल, तर कॅन्सर संसर्गाने पसरत नाही हे सगळ्यांसमोर स्पष्ट सांगावे. रात्री झोप न लागणे, प्रत्येक तपासणीच्या आधी आठवडाभर घाबरणे हे सामान्य आहे. ते वाढत गेले तर 14416 या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन) क्रमांकावर मराठीतून बोलता येते. तंबाखू सोडण्यासाठी 1800112356 ही मोफत हेल्पलाईन आहे. बरा झालेला माणूस पुन्हा पुडीकडे वळतो तो बहुधा कट्ट्यावरच्या मित्रांमुळे आणि घरातल्या डबीमुळे, म्हणून ती डबी आधी घरातून जायला हवी. आणि तपासणीला त्याला घेऊन जाल तेव्हा जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात (सरकारी आरोग्य केंद्रात) घरातल्या तिशीपुढच्या सगळ्यांचे तोंड, आणि बायकांचे स्तन व गर्भाशयमुख, तपासून घेण्याचा दिवसही आशाताईंना विचारून ठरवावा.