केळीच्या धाग्याच्या बीमवर पीझो पॅच: ॲन्सिसमध्ये मॉडेल करताना

आपल्या जळगाव-रावेरकडे घड कापून झाला की केळीची खोडं बांधावर पडलेलीच असतात, म्हणून फायनल इयरला खोडाचा धागा आणि एपॉक्सीचा कंपोझिट हा विषय बऱ्याच पोरांना सुचतो, आणि मग गाईड म्हणतात त्याच्या बीमवर पीझो पॅच (ताणला की व्होल्टेज देणारी अन् व्होल्टेज दिला की ताणली जाणारी पट्टी) लाव अन् ॲन्सिसमध्ये, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे पाडून हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मॉडेल कर. इथे गाडी अडते. माझी दोन आठवडे अडली होती, सेन्सर म्हणून लावलेल्या पॅचचा व्होल्टेज कमीच येत होता अन् मी बीममध्येच चूक शोधत बसलो.

तर भो, आधी बीम बनवूच नका. फक्त पॅच घ्या, ५० बाय २० मिमी, जाडी ०.५, मटेरियल पीझेडटी-५ए (नेहमीचं पीझो सिरॅमिक). सॉलिड २२६ एलिमेंट, की-ऑप्ट १ ला १००१ (म्हणजे पीझोचा पर्याय चालू), सगळं मीटर-किलो-सेकंदात, मिमी घेतलं की परमिटिव्हिटीच्या शून्यांमध्ये नक्की घोळ होतो. पॅच हवेत उडून जाऊ नये एवढाच धरा, दाबून बांधू नका. खाली ० व्होल्ट, वर १०० व्होल्ट. आता वहीत हिशोब करा: फील्ड २ लाख व्होल्ट प्रति मीटर, डी-३१ (लांबीच्या दिशेचा पीझो गुणक) म्हणजे उणे १७१ पिकोमीटर प्रति व्होल्ट, त्यामुळे लांबीत १.७१ मायक्रॉनचा फरक पडला पाहिजे, आणि डी-३३ (जाडीच्या दिशेचा) म्हणजे ३७४, त्यावरून जाडीत ०.०३७ मायक्रॉन. पोलिंग (सिरॅमिकला बनवतानाच दिलेली विजेची दिशा) वरच्या दिशेने धरलं असेल तर लांबी वाढते अन् जाडी कमी होते, कारण फील्ड प्लसकडून खाली म्हणजे पोलिंगच्या उलट जातं. चिन्ह उलटं आलं म्हणून खूप जण मॅट्रिक्सच उलटी करून टाकतात, ते करू नका.

मग कपॅसिटन्स बघा, ही पायरी सगळे सोडतात आणि माझी चूक इथेच सापडली. इलेक्ट्रोडवरचा चार्ज भागिले १०० केलं की साधारण ३० नॅनोफॅरड यायला पाहिजे. माझं ४५ येत होतं. कारण पीझो गुणक मी ई-फॉर्मचे (स्ट्रेसवर आधारलेले) दिले होते आणि सापेक्ष परमिटिव्हिटी डी-फॉर्मसोबतची (स्ट्रेनवर आधारलेल्या गुणकांसोबतची, पॅच मोकळा असतानाची) म्हणजे १७०० वाली, ई-फॉर्मसोबत स्ट्रेन दाबून धरलेली ८३० ची लागते. कपॅसिटन्स दीडपट झाला की सेन्सरचा व्होल्टेज आपोआप पडतो, आणि रंगीत चित्र बघून हे कधीच कळत नाही.

दुसरी चूक मॅट्रिक्सच्या ओळींच्या क्रमाची. रिसर्च पेपरमध्ये शिअरच्या ओळी ४, ५, ६ म्हणजे वायझेड, एक्सझेड, एक्सवाय, ॲन्सिसमध्ये मात्र एक्सवाय, वायझेड, एक्सझेड. म्हणजे ई-१५ ची (एक्सझेड शिअरच्या गुणकाची) किंमत सहाव्या ओळीत जाते. वरची फ्री पॅचची टेस्ट ही चूक पकडत नाही हे लक्षात ठेवा, त्यासाठी एक्स दिशेला फील्ड देऊन एक्सझेड शिअर येतो का ते वेगळं बघावं लागतं. अबॅकस या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा क्रम अजून वेगळा, दुसऱ्याची फाईल डोळे झाकून उचलू नका.

आता बीम. २०० मिमी लांब, सॉलिड १८६ (पीझो नसलेला साधा एलिमेंट) घ्या, हा अन् २२६ दोन्ही २० नोडचे म्हणून जाळी जुळते. पॅच टोकाला जिथे बीम धरलाय तिथूनच चिकटवा. मधला ०.१ मिमीचा गोंदाचा थर काढून टाकू नका, वेगळा थर म्हणून द्या. वरच्या इलेक्ट्रोडचे सगळे नोड सीपी कमांडने एकत्र बांधा, नाहीतर प्रत्येक नोडला वेगळा व्होल्टेज येतो. धाग्याच्या कंपोझिटची स्टिफनेस पेपरमधून उचलू नका, ज्या प्लेटमधून बीम कापला त्यातूनच पट्ट्या कापून टेन्साईल टेस्ट करा, आणि मे महिन्यात ४४-४५ अंशात एपॉक्सी नरम पडतो तेव्हा बीमची आणि पट्टीची टेस्ट एकाच हवामानात उरकून घ्या. कार्बन फायबर असता तर तो वीज वाहतो म्हणून मध्ये काचेचा थर लागला असता, केळीच्या धाग्याला ती भानगड नाही.

शेवटी मोडल (बीमच्या स्वाभाविक फ्रिक्वेन्सी काढणारं ॲनालिसिस) दोनदा चालवा, एकदा इलेक्ट्रोड शॉर्ट करून, एकदा ओपन ठेवून. ओपनची फ्रिक्वेन्सी थोडी तरी जास्त आलीच पाहिजे, दोन्ही सारख्याच आल्या तर कपलिंग लागूच झालेलं नाही. दुसऱ्या मोडला (कंपनाच्या दुसऱ्या आकाराला) बीमचा वाक धरलेल्या टोकापासून लांबीच्या ०.२१६ पटीवर, म्हणजे आपल्या बीमला ४३ मिमीवर, उलटा फिरतो आणि त्याच्या पुढचा पॅचचा भाग उलटा चार्ज देतो. आपला पॅच ५० चा आहे, म्हणून दुसऱ्या मोडचा सिग्नल पाहिजे असेल तर तो ४३ वरच कापा.